ती एकटी नव्हती

ऑगस्ट 2020 मध्ये 'गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल' हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा लॉकडाऊनचे दिवस होते. बकरी ईद होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झाले होते. थिएटरे बंद, कामधंदे बंद, माणसे घरात अडकलेली. एरवी ज्या घरांत सिनेमाचे नाव काढलेले चालत नाही, अशाही कित्येक घरांत तो सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला. कारण सरळ होते. शिकायची जिद्द असलेली मुलगी, तिच्या पाठीशी खंबीर उभा असलेला बाप आणि देशाची चाकरी. प्रेमप्रकरण औषधालाही नाही. पंकज त्रिपाठींनी उभा केलेला तो बाप पाहून डोळे पुसणारे अब्बा आमच्या माहितीत आहेत.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण म्हणजे मध्यंतरी आलेले एका वाचक भगिनीचे पत्र. गावाचे नाव आम्ही देत नाही. त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे, गणितात हुशार आहे. एनडीएचा फॉर्म भरायचा तिने हट्ट धरला होता. घरच्यांचे मन वळावे म्हणून तिनेच हा सिनेमा सगळ्यांना दाखवला. झाले उलटेच. सिनेमा संपल्यावर तिचे अब्बा म्हणाले, "पाहिलंस ना? इतक्या पुरुषांत एकटी पोर. कपडे बदलायला खोली नाही, कोणी बोलायला नाही, पंजा लढवायला लावतात. माझी मुलगी मी तिथे एकटी नाही सोडणार." भगिनी लिहितात की यावर काय बोलावे हे त्यांना सुचले नाही, कारण पडद्यावर तर तसेच दिसले होते.

त्या अब्बांना आम्ही दोष देत नाही. मुलीच्या बापाने हा विचार करायचा नाही तर कोणी करायचा? फक्त ज्या गोष्टीवर त्यांनी आपला निर्णय उभा केला, ती गोष्ट तशी घडलेली नाही.

कारगिलच्या वेळी, म्हणजे 1999 साली, उधमपूरच्या हेलिकॉप्टर तुकडीत महिला पायलट एक नव्हती, दोन होत्या. फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना आणि फ्लाइट लेफ्टनंट श्रीविद्या राजन. दोघींचे काम एकच. चीता हे छोटे हेलिकॉप्टर घेऊन डोंगरांमधून जायचे, जखमी जवानांना उचलून आणायचे, पुढच्या चौक्यांना सामान पोहोचवायचे, शत्रू कुठे दबा धरून बसला आहे ते हेरून कळवायचे. सिनेमात श्रीविद्या नाहीत. नाव बदलून नाहीत, कोपऱ्यात उभ्या नाहीत, अजिबात नाहीत.

सिनेमा आल्यानंतर श्रीविद्या राजन यांनी फेसबुकवर जाहीरपणे लिहिले. दोघींची उधमपूरला नेमणूक 1996 मध्ये एकत्रच झाली होती, असे त्यांनी सांगितले. लढाई सुरू झाल्यावर श्रीनगरला गेलेल्या पहिल्या तुकडीत त्या स्वतः होत्या आणि गुंजन काही दिवसांनी आल्या, हेही सांगितले. सुरुवातीला काही पुरुष सहकाऱ्यांच्या मनात शंका होती, हे त्यांनी लपवले नाही. पण काम दिसल्यावर बहुतेकांनी आपले मानले. पंजा लढवण्याचा तो अपमानाचा प्रसंग मात्र कधी घडलाच नाही. हवाई दलानेही सेन्सॉर मंडळाला पत्र लिहून आपले चित्र वाईट रंगवल्याची तक्रार केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, पण सिनेमा थांबवायला न्यायालयाने नकार दिला. खुद्द गुंजन सक्सेना यांनी म्हटले की काही व्यक्तींचे पूर्वग्रह सोसावे लागले, पण संस्था म्हणून हवाई दलाने संधी नाकारली नाही.

हवाई दल म्हणते ते सगळेच प्रमाण मानावे, असे आमचे म्हणणे नाही. कोणत्याही मोठ्या संस्थेला आपला चेहरा आरशात चांगलाच दिसायला हवा असतो. पण श्रीविद्यांचे म्हणणे संस्थेचे नाही. ते त्याच तळावर, तेच हेलिकॉप्टर उडवलेल्या बाईचे आहे.

मग दिग्दर्शकाने त्यांना का गाळले? आमचा अंदाज असा, की दोघी असत्या तर खोलीच्या त्या प्रसंगात दम राहिला नसता. एकीने दुसरीला आडोसा धरला असता आणि गोष्ट पुढे गेली असती. एकटेपण काढून घेतले की पडद्यावरचे रडू निम्मे होते. सिनेमाला एकच नायिका लागते. तिच्याभोवतीच्या बाकीच्या बायका पुसून टाकल्या की ती मोठी दिसते, असा त्या धंद्याचा हिशेब आहे. मुलींना हिंमत द्यायला निघालेला सिनेमा मग एका बापाच्या मनात भीती घालून बसतो.

हा हिशेब आजचा नाही, मुंबईचाही नाही. लढाईत उतरलेल्या महिला पायलटांची सगळ्यात मोठी गोष्ट रशियातली आहे, आणि तिची सुरुवात 1941 ची. जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने येत होत्या. मारिना रास्कोवा ही तेव्हाची नामांकित वैमानिक आणि नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला दिशा दाखवणारी. तिने सरकार-दरबारी खटपट करून ऑक्टोबर 1941 मध्ये महिलांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या करण्याचा हुकूम मिळवला. व्होल्गा नदीकाठी एंगेल्स गावात प्रशिक्षण झाले. आलेल्या मुली अठरा-वीस-बावीस वर्षांच्या. कोणी कॉलेजातून, कोणी कारखान्यातून. वेण्या कापायला लावल्या. गणवेश पुरुषांचे, बूट पुरुषांचे. बुटांत कागद आणि चिंध्या कोंबून पाय बसवायचे.

या तिघींपैकी 588 क्रमांकाची रेजिमेंट रात्री बॉम्ब टाकणाऱ्यांची. इतर दोन रेजिमेंटमध्ये पुढे पुरुषही आले. हिच्यात कमांडर येवदोकिया बेर्शान्स्कायापासून मेकॅनिकपर्यंत शेवटपर्यंत सगळ्या बायकाच होत्या. त्यांना दिलेले विमान पाहिले तर हसू यावे. लाकडी सांगाडा, वर ताणलेले कापड, बसायची जागा उघडी. मुळात शिकाऊ पायलटांसाठी बनवलेले. पुढे शेतावर औषध फवारायलाही वापरत. वेग म्हणाल तर आज समृद्धी महामार्गावर मोटारी पळतात तेवढाच, ओझे असले की त्याहून कमी. रेडिओ नाही. 1944 पर्यंत पॅराशूटही नाही. एक गोळी नेमकी लागली तर विमान होळीसारखे पेटायचे. इंजिनाची खडखड अशी, की जर्मन सैनिक त्या विमानाला शिलाई मशीन म्हणायचे.

त्या शिलाई मशीनवर या मुली लढल्या. निशाण जवळ आले की इंजिन अगदी मंद करायचे आणि घरंगळत खाली यायचे. खालच्या सैनिकांना फक्त वाऱ्याची सळसळ ऐकू यायची आणि मागोमाग बॉम्ब पडायचा. म्हणून जर्मनांनी त्यांना दुसरे नाव दिले, रात्रीच्या चेटकिणी. विमान इतके हळू, की शत्रूची वेगवान लढाऊ विमाने त्याच्या मागे तेवढ्या कमी वेगाने राहूच शकत नसत. कमजोरीचीच ढाल झाली. एका फेरीत थोडेच बॉम्ब नेता येत, म्हणून फेऱ्या करायच्या. एका रात्रीत आठ-दहा, हिवाळ्याच्या लांब रात्री त्याहूनही जास्त. जून 1942 पासून युद्ध संपेपर्यंत रेजिमेंटच्या फेऱ्या 23,000 च्या वर गेल्या. त्यांच्यातल्या 23 जणींना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा त्या देशाचा सर्वोच्च किताब मिळाला.

आता एकटेपणाचे पाहा. या विमानात कोणी एकटी जातच नव्हती. पुढे पायलट, मागे नेव्हिगेटर, दोघी मिळून एक विमान. आणि त्या दोघींच्या मागे जमिनीवर कितीतरी. परत आलेल्या विमानाकडे मुली अंधारात धावत. एक जागा दाखवायची, दुसरी पेट्रोल भरायची, तिसरी-चौथी बॉम्ब अडकवायच्या. बॉम्ब हाताने उचलायचे, गुडघ्यावर पेलायचे, थंडीत उघड्या बोटांनी स्क्रू बसवायचे, कारण हातमोजे घालून ते जमत नाही. असे एका मुलीच्या हातून एका रात्रीत टनांनी वजन जायचे. काही मिनिटांत विमान पुन्हा वर. पायलटचा फोटो छापून येतो. बोटे बधिर झालेल्या मुलीचा येत नाही.

पुरुषांच्या कपड्यांवरून आठवले. रात्री उजेड पाडण्यासाठी जे बॉम्ब टाकतात, त्यांना रेशमी कापडाचे छोटे पॅराशूट असते. रेजिमेंटमधल्या दोन मुलींनी ते उसवले आणि आतले कपडे शिवले, कारण सरकारने दिलेले सगळे पुरुषांचे. लष्करी न्यायालयाने दोघींना शिक्षा ठोठावली. रेजिमेंटने मात्र त्यांना आपल्यातच ठेवून घेतले आणि दोघी पुढे नेव्हिगेटर झाल्या. कपडे बदलायला खोली नसणे हा प्रश्न खरा होता, आजही असेल. तो सोडवायला तिथे आणखी बायका होत्या, इतकेच.

या रेजिमेंटमधली दोन नावे आपल्या घरांत माहीत असायला हवीत. मागुबा सिर्तलानोवा ही बश्किरियात जन्मलेली तातार. तातार आणि कझाक या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुस्लिम कौमी. रेजिमेंटमध्ये आली तेव्हा मागुबा तीस वर्षांची होती, म्हणजे त्या पोरींमध्ये आपाच. तिने 780 फेऱ्या केल्या आणि 1946 मध्ये तिला तो वीर किताब मिळाला. दुसरी कझाक मुलगी, खिउआज दोस्पानोवा, कॅस्पियन समुद्राकडच्या भागातली. मागच्या सीटवर बसणारी नेव्हिगेटर. 1943 च्या वसंतात रात्री उतरताना दोन विमाने एकमेकांवर आदळली. तिच्यासोबतची पायलट वाचली नाही. खिउआजचे दोन्ही पाय मोडले. डॉक्टरांनी उड्डाणाची आशा सोडली होती. काही महिन्यांनी ती परत आली आणि विमानात बसली. एकूण फेऱ्या 300 च्या वर. पायांचे दुखणे जन्मभर राहिले. तिचा खरा सन्मान कझाकस्तानने 2004 मध्ये केला, तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. चार वर्षांनी तिचा इंतकाल झाला.

आणि हेही सांगितले पाहिजे की हा खेळ नव्हता. 31 जुलै 1943 च्या रात्री जर्मनांनी तोफा गप्प ठेवल्या, फक्त प्रकाशझोत सोडले, आणि अंधारात दबा धरलेल्या लढाऊ विमानाने एकामागून एक चार विमाने पाडली. आठ मुली एका रात्रीत गेल्या. पॅराशूट नव्हतेच. सकाळी बराकीत आठ खाटा रिकाम्या होत्या.

अशा मुलींवर त्यांच्याच देशात पहिला गाजलेला सिनेमा कसा निघाला? 1945 मध्ये, युद्ध संपता संपता, 'आकाशातले मंदगती' अशा अर्थाच्या नावाची एक विनोदी संगीतिका तयार झाली. नायक जखमी झालेला पुरुष पायलट. डॉक्टरांनी उंच उडायला बंदी केल्यामुळे त्याच्या नशिबी हेच कापडी विमान येते आणि त्याला त्याची लाज वाटते. शेजारी महिला पायलटांची तुकडी आहे. ती कशासाठी? तर नायक आणि त्याच्या दोन दोस्तांनी 'युद्ध संपेपर्यंत प्रेमात पडायचे नाही' अशी शपथ घेतलेली असते आणि ती मोडण्यासाठी कोणीतरी हवे म्हणून. गाणी गोड होती, सिनेमा तुफान चालला. थकलेल्या लोकांना हसवले याचे पुण्य त्याला मिळो. पण तेच विमान, तेच युद्ध, आणि बायकांचे काम काय, तर नायकाला लाजवून शेवटी त्याच्याशी जुळवून घेणे. इथे एकटी नायिकाही नाही. बायका आहेत, पण त्यांचे काम नाही.

हे एका बाईला सलत राहिले असावे. येवगेनिया झिगुलेंको, त्याच रेजिमेंटची पायलट, 968 फेऱ्या, वीर किताब. युद्धानंतर ती काही वर्षे लष्करात राहिली, मग निवृत्त झाली. आणि ज्या वयात आपल्याकडे बायका नातवंडांच्या मागे असतात त्या वयात मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत दिग्दर्शन शिकायला गेली. पदवी मिळाली 1976 मध्ये, वय पंचावन्न. 1981 मध्ये तिने आपल्या रेजिमेंटवर सिनेमा केला. नाव सरळ, आकाशात रात्रीच्या चेटकिणी. कथेच्या मध्यभागी एकच मुलगी नाही, सगळी तुकडी आहे. छावणीत येऊन मिसळलेले एक पोरके मूल आहे. उड्डाणांच्या मधला वेळ आहे. तो जगातला सर्वोत्तम युद्धपट आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या बाईने स्वतः मैत्रिणींच्या रिकाम्या खाटा पाहिल्या, तिला एकीला मोठे करण्यासाठी बाकीच्या पुसता आल्या नाहीत, हे त्यातून कळते.

अमेरिकेतही वेगळे झाले नाही. तिथे महिला पायलट प्रत्यक्ष लढाईत नव्हत्या. नवी विमाने कारखान्यातून तळावर नेणे, दुरुस्त विमानांची चाचणी घेणे, तोफांच्या सरावासाठी मागे कापडी निशाण बांधून उडणे ही कामे त्या करत. पंचवीस हजारांवर अर्ज आले, 1,074 जणी उत्तीर्ण झाल्या, 38 जणी कामावर मेल्या. सरकारी हिशेबात त्या सैनिक नव्हत्या. त्यामुळे मय्यत घरी पोहोचवायचा खर्चही मैत्रिणींनी वर्गणी काढून केला. त्या काम करत असतानाच, 1944 मध्ये, हॉलिवूडने त्यांच्यावर सिनेमा काढला. मुख्य भूमिकेत लोरेटा यंग. त्यात विमानांपेक्षा रुसवेफुगवे, हेवेदावे आणि नवऱ्यांच्या काळज्याच जास्त. त्याच वर्षी त्यांना लष्करात घेण्याचा ठराव अमेरिकी संसदेत पडला आणि डिसेंबरमध्ये त्यांना घरी पाठवले. सिनेमामुळे ठराव पडला असे आम्ही म्हणत नाही. पण लोकांसमोर त्यांचे जे चित्र गेले, ते हे होते. निवृत्त सैनिकाचा दर्जा मिळायला 1977 उजाडले.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी कोणी तरी ती काढणारच. तुर्कस्तानची सबिहा ग्योकचेन. इस्तंबूलचा एक विमानतळ तिच्या नावाने आहे. आपल्यातल्या काही प्रवाशांनी तो पाहिलाही असेल. लढाऊ विमान चालवणारी जगातली पहिली महिला म्हणून तिचे नाव घेतात. मुस्लिम घरातली मुलगी 1937 साली लढाऊ विमान उडवत होती, हे ऐकून छाती फुगते. पण ती मोहीम होती तुर्कस्तानातल्याच देर्सिम भागातली, आणि बॉम्ब पडले ते तिथल्या डोंगरी गावांवर. मेलेल्यांत बायका-मुलेही होती. विमानात बाई बसली म्हणून खाली कोण होते हा प्रश्न संपत नाही. महिला पायलटांचे सिनेमे पाहताना आम्हाला ही दुसरी उणीव नेहमी जाणवते. कॅमेरा सतत वर असतो, खाली फार क्वचित जातो. कारगिलमधल्या त्या दोघी जखमींना उचलून आणत होत्या, म्हणून त्यांची गोष्ट आम्हाला जास्त जवळची वाटते.

आता त्या अब्बांच्या प्रश्नाकडे. त्यांनी पडद्यावर पाहिलेले 1999 आज राहिलेले नाही, आणि पडद्यावरचे 1999 तर तेव्हाही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्यायचा आदेश दिला. 2022 मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्यात मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी 17 मुली तीन वर्षे पुरी करून संचलनात चालल्या. आपल्या गावापासून एसटीने एका दिवसात पोहोचता येईल अशा ठिकाणी हे घडले आहे. त्याच महिन्यात, 7 मेच्या सकाळी, टीव्हीवर देशाला लष्करी कारवाईची माहिती द्यायला दोन अधिकारी आल्या. कर्नल सोफिया कुरेशी आणि हेलिकॉप्टर पायलट विंग कमांडर व्योमिका सिंह. दोघी आळीपाळीने बोलल्या. ना पार्श्वसंगीत, ना अश्रू. आम्हाला ते निवेदन कोणत्याही सिनेमापेक्षा खरे वाटले. लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांचे प्रशिक्षण तर आपल्या नाशिकलाच होते. 2022 च्या मे महिन्यात अभिलाषा बराक तिथूनच लष्कराची पहिली महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडली. त्याच्या सहा वर्षे आधी, जून 2016 मध्ये, हवाई दलात लढाऊ विमानांसाठी पहिल्या महिला पायलट आल्या तेव्हा त्याही तिघी होत्या. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह.

मुलगी पाठवायची की नाही, हे घरातल्यांनी ठरवावे. जोखीम आहे, घरापासून लांब राहणे आहे, शिस्त कडक आहे. या कारणांनी कोणी नाही म्हटले तर ते समजण्यासारखे आहे. एकटी पडेल म्हणून नाही म्हणू नये.

फॉर्मबाबत विचारणा होते म्हणून लिहितो. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय असावे लागतात. बारावीला बसलेली मुलगीही अर्ज करू शकते. मुलगी अविवाहित हवी. लेखी पास झाल्यावर मुलाखत, आणि पायलट व्हायचे असेल तर आणखी एक वेगळी कल चाचणी असते. नजर आणि उंची यांची तपासणी कडक असते, म्हणून अभ्यासाला लागण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावे.